बरगड्या दिसायलाच हव्यात

कारवान कुत्र्याच्या शेवटच्या दोन-तीन बरगड्या कातडीखालून दिसतात. कमरेची हाडं थोडी वर आलेली असतात आणि छाती संपते तिथून पोट एकदम आत जातं. नीट पोसलेला, निरोगी, पळता कारवान असाच दिसतो. तरीही पेट्रोल पंपावर, दवाखान्यात, लग्नाच्या मांडवाबाहेर, जिथे म्हणून माझ्यासोबत कुत्रा असतो तिथे कुणीतरी जवळ येऊन विचारतंच, "काय हो, याला खायला घालत नाही का?"

लातूरजवळच्या शेतावर आम्ही कारवान आणि लांब केसांचे पश्मी कुत्रे सांभाळतो. त्यांची पैदास करतो आणि थंडीच्या दिवसांत त्यांना कुत्र्यांच्या शोला नेतो. या कामातल्या मोठ्या अडचणी सगळ्यांना ठाऊक आहेत. खर्च, साथीचे रोग, पाण्याची टंचाई यांवर कुणीही तासभर बोलू शकतं. माझी तक्रार लहानसहान गोष्टींबद्दल आहे. त्या रोज घडतात, एकेकटी धरली तर क्षुल्लक वाटतात आणि सगळ्या मिळून एका चांगल्या जातीचं नुकसान करतात. म्हणून त्या एकदा ओळीने मांडते.

बरगड्यांपासूनच सुरुवात करू. कारवान नाकापेक्षा डोळ्यावर भरवसा ठेवणारा कुत्रा आहे. अशा कुत्र्यांना साईटहाउंड म्हणतात. ग्रेहाउंड, सालुकी, अफगाण हाउंड त्याच गटातले. तो भरधाव सुटतो तेव्हा एका झेपेत चारही पाय दोनदा जमीन सोडतात. एकदा पाय पोटाखाली गोळा झालेले असताना आणि एकदा पुढे-मागे पूर्ण ताणलेले असताना. हे साधायला खोल छाती, लवचीक कंबर आणि हलकं अंग लागतं. या कुत्र्यावर चार किलो चरबी चढली की सांध्यांवर भार येतो, उन्हात धाप लागते आणि पाठीचा बाक बिघडतो. त्याला सडपातळ ठेवण्यासाठी आम्ही भाकरी, अंडी, मटण सगळं मोजून घालतो आणि सकाळ-संध्याकाळ त्याला माळावर मोकळं सोडतो. एवढं करून झाल्यावर रस्त्याने जाणारा भला माणूस दया येऊन कुंपणावरून शिळी पोळी टाकतो, कुणी लग्नातली जिलेबी आणून देतं, आणि "नका घालू" म्हटलं की आम्हालाच निर्दयी ठरवतं. माझं म्हणणं एवढंच आहे की कुत्रा उपाशी आहे का हे त्याच्या डोळ्यांवरून, केसांच्या चकाकीवरून आणि मांडीच्या स्नायूवरून ओळखावं. मांडी भरलेली आहे का ते हात लावून बघा, पण आधी मला विचारा. परक्याने अंगाला हात लावलेला या कुत्र्याला आवडत नाही.

डॉक्टरांबद्दलची तक्रार आदर राखूनच करते, कारण त्यांच्यावाचून आमचं पानही हलत नाही. साईटहाउंडचं शरीर भुलीच्या काही औषधांना वेगळा प्रतिसाद देतं. थायोपेंटलसारखं औषध दिलं तर अंगात चरबी कमी असल्याने आणि यकृत ते औषध सावकाश निकामी करत असल्याने कुत्रा शुद्धीवर यायला फार वेळ घेतो. ग्रेहाउंडवर या विषयाचं भरपूर काम झालेलं आहे आणि ते पशुवैद्यकाच्या पुस्तकांत छापलेलं आहे. ग्रेहाउंडच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं आणि थायरॉईडचा आकडा मुळातच कमी असतो, हेही त्यात आहे. तरी रिपोर्ट हातात आला की त्यावर लाल शाईने गोल काढले जातात, सलाईन लावायची घाई होते आणि थायरॉईडच्या गोळ्या लिहून मिळतात. मी केसपेपरवर "साईटहाउंड" असं ठळक लिहायला सांगते. काही जण लिहितात. काही जण रागावतात. रागावण्यासारखं त्यात काहीच नाही. भूल देण्याआधी समोर कोणत्या घडणीचं जनावर आहे हे लिहून ठेवणं मालकाच्याही आणि डॉक्टरच्याही सोयीचं आहे.

आता गिऱ्हाइकं. पिल्लू बघायला आलेल्या दहा जणांत आठ जण आधी एकच वाक्य बोलतात, "पेपर नको, भाव कमी करा. आम्हाला कुठे शोला न्यायचंय?" त्यांना वाटतं, कागद हा चैनीचा भाग आहे. कागदावर पिल्लाचे आई-बाप, आजी-आजोबा लिहिलेले असतात. उद्या त्या पिल्लाला जोड शोधायची वेळ आली की सख्ख्या भावाशी किंवा चुलत भावाशी गाठ पडू नये म्हणून तो कागद असतो. कारवानाची संख्या आधीच थोडी. त्यात कुणाचं रक्त कुणात मिसळलं हे कळेनासं झालं तर जात आतून पोखरली जाते. केनेल क्लब ऑफ इंडियाकडे पिल्लांची नोंद व्हायची तर आई आणि बाप दोघांचीही नोंद असावी लागते. एका पिढीने कागद टाकून दिला की पुढच्या पिढीची वाट बंद होते. कागदाला येणारा खर्च पिल्लाच्या लसींपेक्षाही कमी आहे. मी कागदाशिवाय पिल्लू देत नाही, आणि या एका नकारावरून माझ्या दारातून परत गेलेली माणसं मी दिलेल्या पिल्लांपेक्षा जास्त आहेत.

कागद घेणाऱ्यांतलेही बरेच जण मालकी बदलल्याचा फॉर्म भरत नाहीत. तो आमच्या सहीसकट, पत्ता लिहून हातात दिलेला असतो, फक्त पाठवायचा असतो. तो कपाटात पडून राहतो. पुढे कुत्रा हरवतो, कुणाला तरी सापडतो, दवाखान्यात मानेवर यंत्र फिरवलं की कातडीखालच्या चिपचा पंधरा अंकी नंबर दिसतो आणि फोन मला येतो. मी मालकाला फोन लावते, तर त्यांनी तो कुत्रा मेव्हण्याला दिलेला असतो आणि मेव्हण्याने आणखी कुणाला. पिल्लू दुसऱ्याला देऊ नका, नाहीच जमलं तर आम्हाला परत द्या, हे आम्ही प्रत्येकाला तोंडी आणि लेखी सांगतो.

पिल्लांत मादी असली की ती मागे राहते. "नर द्या, मादीचं लचांड नको," असं माणसं माझ्यासमोर, मादी शेजारी बसलेली असताना म्हणतात. वर्षा-दोन वर्षांनी हीच माणसं फोन करतात, "आमच्या नराला मादी बघा ना." सगळ्यांनीच नर नेले तर मादी कुठून यायची, याचं उत्तर त्यांनी स्वतःच द्यावं.

भाव बोलताना आणखी एक गोष्ट घडते. "मॅडम, साहेब कुठे आहेत? त्यांच्याशीच बोलतो." कुत्री विताना रात्रभर जागी मी असते, जोड मी ठरवते, वही मी लिहिते. आमच्या घरच्यांना पिल्लांच्या आजोबांची नावं विचारली तर ते मलाच हाक मारतात. ज्यांना माझ्याशी बोलायचं नाही त्यांना पिल्लूही मिळत नाही, आणि हा नियम मी यापुढेही पाळणार आहे.

काही जण शेतावर येऊन "हस्की आहे का?" असं विचारतात. लातुरात मे महिन्यात पारा 40 अंशांच्या वर जातो. सैबेरियातल्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेला दाट केसांचा कुत्रा या उन्हात एसीच्या खोलीत कोंडून ठेवण्याऐवजी याच मातीत, याच उन्हात घडलेला कुत्रा घ्या, असं मी सांगते. तेव्हा "हा तर गावठीसारखाच दिसतो" असं उत्तर मिळतं. 2005 साली डाक खात्याने चार देशी जातींची तिकिटं काढली: मुधोळ हाउंड, राजापालयम, रामपूर हाउंड आणि हिमालयन शीपडॉग. त्यातला मुधोळ आणि आमचा कारवान एकाच अंगलटीचे. केनेल क्लब ऑफ इंडिया ज्याला कारवान हाउंड म्हणून नोंदवतो त्यालाच इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड म्हणून नोंदवतो. मुधोळच्या घोरपडे राजांनी या कुत्र्यांची जपणूक केली. ज्या कुत्र्याचं टपालाचं तिकीट निघतं तो स्वतःच्या मुलखात ओळखला जात नाही, ही गोष्ट मला लागते.

2020 च्या ऑगस्टमध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये देशी कुत्र्यांची नावं घेतली, तेव्हा आनंद झाला. त्यानंतर फोन वाढले. पण फोनबरोबर नकली मालही वाढला. पाय लांब आणि तोंड निमुळतं असलं की कुणीही त्याला कारवान म्हणून विकू लागलं. ते पिल्लू मोठं होऊन वेगळंच निघालं की मालक आम्हाला सांगतो, "तुमची जात काही खरी नाही." जातीला नावं ठेवण्याआधी पिल्लाची आई पाहिली होती का, एवढं त्याने आठवून बघावं.

मग क्रॉसिंग. आमच्या नराने शोमध्ये नंबर काढला की आठवडाभर फोन थांबत नाही. "उद्या गाडी घेऊन येतो, मादी हीटवर आहे." मी तीन गोष्टी विचारते: मादीचं वय काय, तिचे कागद आहेत का आणि ब्रुसेलाची तपासणी झाली आहे का. ब्रुसेलाने होणारा रोग कुत्र्यांत जोड लावताना पसरतो. त्याने गर्भ पडतात, नर निकामी होतात आणि तो माणसालाही होऊ शकतो. या प्रश्नावर समोरचा गप्प होतो किंवा "आमची मादी घरचीच आहे, तिला कसला रोग?" असं म्हणतो. रक्तातल्या प्रोजेस्टेरॉनवरून योग्य दिवस कळतो. तीही तपासणी नको असते, कारण "आमच्याकडे आजवर कधी लागली नाही."

यातही खरी अडचण नंबर काढलेल्या नराचीच असते. एकच नर सगळ्यांना हवा असतो. त्याला मिळेल त्या मादीला लावलं तर तीन-चार पिढ्यांत साऱ्या पंचक्रोशीतली कुत्री एकाच आजोबाची नातवंडं होतात आणि त्या आजोबाच्या अंगात दडलेला दोष दुप्पट होऊन बाहेर येतो. परदेशातल्या कित्येक नामांकित जातींची हीच गत झाली. 2008 साली बीबीसीने यावर माहितीपट दाखवला, त्यावरून गदारोळ उठला आणि ब्रिटनच्या केनेल क्लबला अनेक जातींचे निकष बदलून लिहावे लागले. आपल्याला तो धडा फुकट मिळालेला आहे. म्हणून माझा नर चांगला असला तरी मी तो मोजक्याच माद्यांना देते. पाहुण्यांना, मित्रांना, ओळखीच्या पुढाऱ्यांनाही नाही म्हणते. त्यावरून आम्हाला शिष्ट म्हटलं जातं.

कुत्री विते तेव्हाचा त्रास वेगळाच. विण्याआधीच्या दिवसांत मी तिचा ताप सकाळ-संध्याकाळ बघते. एरवी 101 ते 102 फॅरनहाइट असणारं अंग 99 च्या खाली उतरलं की साधारण दिवसभरात ती विते. खोलीत लाकडी पेटी, त्यात जुनी वर्तमानपत्रं आणि स्वच्छ गोणपाट, एका कोपऱ्यावर बल्ब. प्रत्येक पिल्लू बाहेर आलं की नाकातोंडातला चिकटा पुसायचा, चोळून कोरडं करायचं, स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवायचं आणि गळ्यात वेगळ्या रंगाच्या लोकरीचा सैल धागा बांधायचा. लाल धागा, इतके ग्रॅम. निळा धागा, इतके ग्रॅम. मग रोज त्याच वेळी पुन्हा वजन. ज्याचं वजन दुसऱ्या दिवशी वाढलं नाही त्याला आईच्या मागच्या, जास्त दुधाच्या सडाला लावून धरायचं. पहिले दोन आठवडे पिल्लाला स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही, डोळे उघडायलाही दहा ते चौदा दिवस लागतात.

नेमकं याच दिवसांत गाव बघायला येतं. "पिल्लं झाली म्हणे, पोरांना दाखवायला आणलंय." पायात तीच चप्पल असते, जी बाजारातून, उकिरड्याजवळून आलेली असते. पार्वोचा विषाणू मातीत महिनोन्महिने तग धरतो आणि पिल्लाच्या आतड्यावर बसला की दोन-चार दिवसांत जीव घेतो. मी दारावर पाटी लावली आहे, बादलीत ब्लीचचं पाणी ठेवलं आहे आणि पिल्लांना सहा आठवडे झाल्याशिवाय कुणालाही आत सोडत नाही. "आमच्या पायाला काय विष लागलंय का?" असं विचारून नात्यातली माणसं रुसून गेली आहेत. ती परत येतील. पार्वोने गेलेलं पिल्लू परत येत नाही.

पिल्लू लवकर मागण्याची खोड तर सगळ्यांनाच आहे. "चार आठवड्यांचं द्या, म्हणजे आमच्यावर जीव लावेल." चौथ्या ते आठव्या आठवड्यात पिल्लू भावंडांशी खेळताना दात किती लावायचा हे शिकतं. जोरात चावलं की समोरचं ओरडतं आणि खेळ थांबतो. हे शिकवणारी भावंडं माणसाच्या घरात नसतात. पुढे तेच पिल्लू घरातल्या लेकराला चावलं की लोक जातीला दोष देतात. 2017 च्या केंद्र सरकारच्या नियमांत 8 आठवड्यांच्या आत पिल्लू विकायला मनाई आहे. मला तो नियम मनापासून पटतो.

त्या नियमांतलं बाकीचंही पटतं. दीड वर्षाच्या आतल्या मादीपासून पिल्लं घ्यायची नाहीत, वर्षात एकाहून जास्त वेत घ्यायचं नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त नाही, नोंदवही ठेवायची आणि ब्रीडर म्हणून राज्याकडे नोंदणी करायची. तक्रार अंमलबजावणीची आहे. वही जो ठेवतो त्याच्याच वहीत चुका शोधल्या जातात. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे विचारत मी कचेऱ्यांचे जिने चढले आहे. त्याच कचेरीसमोरच्या सिग्नलला टोपलीत डोळे नुकते उघडलेली पिल्लं विकायला ठेवलेली असतात. ती कुठल्या आईची, तिचं हे कितवं वेत, हे तिथे कुणी विचारत नाही. नियम करणाऱ्यांनी एकदा तरी त्या टोपलीपाशी थांबावं.

शोला जाण्याचा प्रवास हाही एक विषय आहे. रेल्वेत कुत्रा सोबत न्यायचा तर फर्स्ट क्लासचं कुपे मिळावं लागतं, नाहीतर त्याला गार्डच्या डब्यातल्या पेटीत ठेवावं लागतं. टू टायर, थ्री टायर आणि स्लीपरमध्ये परवानगी नाही. कुपे मिळालं की नाही हे चार्ट लागेपर्यंत कळत नाही, आणि कारवानासारखा लांब पायांचा कुत्रा रात्रभर पेटीत ठेवणं मला मान्य नाही. म्हणून पुण्या-मुंबईला, कोल्हापूरला आम्ही जीपनेच जातो. लॉजवाला फोनवर "चालेल" म्हणतो आणि कुत्रा बघितल्यावर "एवढा मोठा?" म्हणून हात वर करतो. उंची आधीच सांगितलेली असते.

आता खुद्द शो. कुत्र्यांचं पहिलं प्रदर्शन 1859 च्या जूनमध्ये इंग्लंडात न्यूकॅसलला भरलं, तेही पॉइंटर आणि सेटर या शिकारी जातींचं. तिथल्या हवेत जून महिन्यात दिवसभर मैदानावर थांबता येत असेल. आपल्याकडे ते जमत नाही, म्हणूनच शो थंडीत होतात. पण थंडीतही मराठी मुलखात अकरानंतर ऊन चटका देतं. वेळापत्रकात सकाळी नऊ लिहिलेलं असतं. कुत्रे, मालक, जज, रिंगचे कार्यकर्ते सगळे नऊला हजर असतात. प्रमुख पाहुणे साडेदहाला येतात. मग दीपप्रज्वलन, शाल, श्रीफळ, तीन भाषणं आणि प्रायोजकांचे आभार. मैदानावर बांधलेल्या कुत्र्यांची जीभ तोवर जमिनीला टेकलेली असते. माझी मागणी साधी आहे: रिंग नऊला सुरू करा आणि सत्कार संध्याकाळी बक्षिसांसोबत करा. आयोजकांनी तळहात पालथा करून पाच सेकंद मैदानावर ठेवावा. हाताला चटका बसला तर कुत्र्याच्या पंजालाही बसतो.

मैदानाची निवडही अशीच. गोखरूचे काटे, खडी, मागच्या कार्यक्रमाचे खिळे आणि सुतळ्या. ज्या कुत्र्याची चाल बघायची त्याच्या पायात काटा मोडला तर जजने काय बघायचं? लाउडस्पीकर रिंगच्या थेट कडेला बांधतात. कारवान आवाजाला दचकतो आणि दचकलेला कुत्रा शेपूट पोटात घालतो. तो भित्रा म्हणून नोंदवला जातो आणि त्याची वर्षभराची तयारी दोन मिनिटांत वाया जाते.

बघ्यांच्या तऱ्हा तर पाठ झाल्या आहेत. रिंगमध्ये जायची वेळ आलेली असते, कुत्र्याला पायावर नीट उभं केलेलं असतं आणि कुणीतरी मागून येऊन त्याच्या तोंडात ग्लुकोजचं बिस्किट कोंबतं. जज दात बघतात. 42 दात, वरचे दात खालच्या दातांवर कात्रीसारखे बसलेले, हे बघायचं असताना हिरड्यांवर बिस्किटाचा लगदा असतो. कुणी सेल्फीसाठी गळ्यात हात टाकतं. कुणी विचारतं, "चावतो का?" आणि उत्तर ऐकायच्या आत हात पुढे करतं. कुणी पोराला म्हणतं, "जा, शेपूट ओढून बघ." शो बघायला यावं, जरूर यावं, पण दोरीच्या बाहेर राहावं.

जजबद्दल तक्रार करावी की नाही याचा मी खूप विचार केला, पण करणं गरजेचं आहे. बाहेरदेशचे जज येतात, त्यातल्या काहींनी कारवान आयुष्यात पाहिलेला नसतो. ते ग्रेहाउंडच्या नजरेने बघतात आणि आमच्या कुत्र्याला मांडीत कमी, पाठीत सपाट म्हणतात. ग्रेहाउंड थोडं अंतर भरधाव पळण्यासाठी घडवला गेला, कारवान दगडधोंड्यांच्या माळावर लांबपर्यंत पळण्यासाठी. दोघांची पावलंही सारखी नसतात. ज्या जातीचा निवाडा करायचा तिचे लिखित निकष आदल्या रात्री वाचून यावेत, एवढी अपेक्षा चुकीची नाही.

चांगले जजही पाहिले आहेत. एका शोमध्ये वयस्कर जज आमच्या मादीजवळ आले. आधी थोडं लांबच थांबले, बाजूला बघत उभे राहिले, तिने हुंगलं तसा हात पालथा पुढे केला. मग खांद्याच्या पात्यावरून बोटं मागे नेत पाठीचे मणके, कमरेचं हाड, मांडीचा स्नायू असं सावकाश चाचपत गेले. पुढचा पंजा उचलून बोटांमधली कातडी बघितली. तिला त्रिकोणात पळवायला सांगितलं, परत येताना ती पुढचे पाय सरळ टाकते का हे गुडघ्यावर बसून बघितलं. तिला पहिला नंबर मिळाला नाही. पण का मिळाला नाही हे त्यांनी नंतर दोन वाक्यांत समजावलं: खांदा थोडा सरळ आहे, झेप आखूड पडेल. ते बरोबर होतं. पुढच्या वेताला आम्ही नर निवडताना खांदाच बघितला. शोचा उपयोग हाच आहे. कप घेऊन फोटो काढणं सोपं असतं, खांद्यातली खोट ओळखणारी जाणकार नजर विकत मिळत नाही.

पण नुसत्या रिंगमध्ये पळवून या कुत्र्याची परीक्षा पुरी होत नाही. "ससा धरतो का?" असं विचारणारे आणि व्हिडिओ मागणारे अजूनही भेटतात. 1972 च्या वन्यजीव कायद्याने ससा मारणं गुन्हा आहे आणि आम्ही त्यासाठी कुत्रा कधीही देत नाही. परदेशात दोरीला कापड बांधून यंत्राने नागमोडी ओढतात आणि साईटहाउंड त्यामागे सोडतात. कुणाचा जीव जात नाही, आणि कुत्र्याची वळण घेण्याची ताकद, दम, नजर सगळं कळतं. आपल्या शोच्या आयोजकांनी देशी साईटहाउंडसाठी असं एक सत्र ठेवावं. मैदान तेच, वेळ पहाटेची.

शेवटची तक्रार आमच्या मुलखाबद्दल आहे. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोच्या यादीत आमच्या भागातली देवणी गाय आहे, लाल कंधारी आहे, उस्मानाबादी शेळी आहे. कर्नाटकाच्या नावावर मुधोळ हाउंड आहे, आणि मुधोळजवळ तिम्मापूरला त्याचं संशोधन केंद्रही आहे. कर्नाटकाने हे केलं ते उत्तम केलं. लातूर, नांदेड, सोलापूरच्या वस्त्यांवर आजही असे कारवान आणि पश्मी आहेत, ज्यांच्या मालकांनी शो हा शब्द ऐकलेला नाही. त्यांच्या घरी चार पिढ्यांची कुत्री आहेत आणि कुणाची आई कुठली हे आजोबांना तोंडपाठ आहे. त्या आजोबांकडे टेप आणि वही घेऊन गेलेलं माणूस मी तरी अजून पाहिलेलं नाही. आजोबा गेले की ती वंशावळ गेली.

कुत्र्यांची पैदास म्हणजे भराभर पिल्लं काढून विकणं, असा समज आहे. प्रत्यक्षात आमचा मोठा वेळ नाही म्हणण्यात जातो. लहान पिल्लू नाही, बिनकागदाचं नाही, कुठल्याही मादीला नर नाही, खोलीत चप्पल नाही, तोंडात बिस्किट नाही. प्रत्येक नकारामागे एक कारण आहे आणि ते वर सांगून झालं. नकार ऐकणाऱ्याने रुसू नये, कारण विचारावं. सांगायला मी तयार आहे.

आणि ज्यांना हो म्हणायचं आहे ते वस्त्यांवरचे आजोबा आहेत. केनेल क्लबांनी आणि पशुसंवर्धनाचं काम बघणाऱ्यांनी तालुक्याच्या बाजाराच्या दिवशी एक टेबल मांडावं. वस्तीवरचा कुत्रा आणा, उंची मोजा, फोटो काढा, चिप बसवा, आजोबांना आठवतील तितकी नावं लिहून घ्या, आणि कागद तिथेच, फुकट त्यांच्या हातात द्या. टेबलावर बसायला माणूस लागेल. मी येईन, आणि वहीही माझी आणेन.